मिक्कल भावोजींची लाल स्कूटर

पडदा वर जातो तो गाड्या दुरुस्त करणाऱ्या योव्नाच्या वर्कशॉपवर. मागच्या खिडकीत गोठलेली नदी, पलीकडे बुटकी बर्चची झाडं, आणि एप्रिलचा असा उजेड, जो मला नाटकं करताना कोणत्याही थिएटरात कधी मिळाला नाही. मधोमध एक लाल स्नोमोबाइल. आमच्याकडे तिला नुसतं स्कूटर म्हणतात. तिचं झाकण वर केलेलं. शेजारी उलट्या बादलीवर, मांडीवर तिच्या इंजिनाचा तुटका रबरी पट्टा घेऊन बसलेला म्हातारा म्हणजे मिक्कल भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहीण जाऊन बरीच वर्षं झाली. भावोजी माझ्या वाट्याला राहिले.

"हा कितवा, काका?" योव्नाने हात पुसत विचारलं.

"मी मोजत नाही."

आम्हा कळपवाल्यांत कुणाकडे किती रेनडिअर आहेत हे विचारणं असभ्य समजतात. भावोजींनी पट्ट्यांनाही तोच नियम लावला होता.

योव्नाने पट्टा उजेडात धरला. "कड बघा. पुल्या वाकड्या असत्या तर कड उसवली असती. ही तर नव्यासारखी आहे. आता बाजू बघा, काचेसारखी चकाकतेय. हा घसरून घसरून तापला आणि जळला."

"तेल लागलं असेल."

"पुल्या मी स्वतः स्पिरिटनं पुसल्यात. एका रेषेत आणल्यात. इंजिनाखालची रबरं बदललीत. तुमच्या हट्टापायी पट्टा दुसऱ्या कंपनीचा घातला."

"मग थंडीनं."

"थंडी तुमच्या लग्नातही होती. तेव्हा काही तुटलं नाही."

मी हसले. भावोजी हसले नाहीत.

त्यांचा जीव कशात अडकला होता ते मला ठाऊक होतं. वसंतात रेनडिअरच्या गाभण माद्या समुद्राकाठी विण्यासाठी निघतात, आणि नदीचा बर्फ फुटायच्या आत त्यांना पलीकडे पोचवावं लागतं. आदल्या वर्षी भावोजींना उशीर झाला होता. आमच्या गटाचा म्होरक्या ओव्ला शरद ऋतूतच सांगून गेला होता, "मिक्कल, यंदा वेळेत जमलं नाही, तर पुढच्या वर्षापासून तुझी जनावरं आमच्याबरोबर चालतील." जनावरांच्या कानावरची मालकीची खूण भावोजींचीच राहील, पण हाकणारे हात दुसऱ्यांचे. आमच्या माणसाला ही पेन्शन वाटत नाही. त्याला ते तिरडीवर चढल्यासारखं वाटतं.

भावोजींच्या कळपापुढे मुझेत चालायचा. काळपट रंगाचा, शिकवलेला, गळ्यात घंटा बांधलेला रेनडिअर बैल. त्याच्या घंटेमागे सगळ्या माद्या न बिचकता चालायच्या. पण मुझेतही म्हातारा झाला होता. तो थकला की भावोजी त्याला घसरगाडीवर निजवून स्कूटरला जोडत, आणि माद्या त्या घंटेमागे रमतगमत येत. भावोजींची स्वतःची रुंद, कामाची स्कूटर तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाली होती. ही लाल मुलाची, आन्तेची. तो किनाऱ्यावर गॅसच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि जाताना म्हणाला, "बाबा, ही तुम्हाला." आन्ते वाईट नाही हो. कळप सोडून जाणाऱ्या पोराला काहीतरी ठेवून जावंसं वाटतंच.

"खरं सांगू, काका?" योव्ना म्हणाला. "ही पळणारी गाडी आहे. आन्तेनं घेतली ती तळ्यावर भन्नाट सोडायला. तुम्ही तिला गाभण मादीच्या चालीनं चालवता, वर मागे बैल बांधता. इतक्या कमी वेगात पट्टा पुलीला घट्ट धरत नाही, नुसता घासतो. आतलं दात्यांचं चाक बदललं तर जोर वाढेल. मागवतो. पण ते येईस्तोवर बर्फ गेलेला असेल."

"मग आता काय करू?"

"मुझेतला घरी ठेवा. नाहीतर माद्यांना जरा दामटा."

"त्यांच्या पोटात पोरं आहेत, योव्ना."

"मग ओव्लाकडची रुंद गाडी मागून घ्या. तो देईल."

भावोजींनी त्याच्या हातातून पट्टा घेतला आणि गुंडाळून ठेवला. "आन्ते विचारेल, माझी का नाही नेली."

"मग सांगा खरं ते."

"त्याच्या गाडीत खोट नाही."

"मी कुठं म्हटलं?"

"म्हटलंस की. मघापासून तेच म्हणतोयस."

योव्नाने माझ्याकडे पाहिलं. तालमीत नट ऐकेनासा झाला की दिग्दर्शक प्रॉम्प्टरकडे पाहतो, तसं. दुकानात होते तेवढे पट्टे त्याने भावोजींच्या झोळीत घातले.

आम्ही निघालो. माझी जुनी स्कूटर तंबू आणि भांडी ओढतानाच धापा टाकायची, तिला मुझेत कुठून झेपणार. सपाटीवर बरं चाललं. चढ लागला की रबर जळाल्याचा वास यायचा, आणि भावोजी हात वर करायचे. झाकण उघडून वाऱ्याला धरायचं, कॉफी करायची, कॉफीत चीजचा तुकडा बुडवून खायचा, पुली हाताला गार लागली की पुन्हा चालायचं. वजन कमी व्हावं म्हणून पुढे ते स्वतः उतरले आणि एका हाताने ॲक्सिलरेटर दाबत स्कूटरशेजारून चालू लागले.

"भावोजी, बसा. गुडघे जातील."

"गुडघ्यांना पट्टा नसतो, रिस्तीन."

एवढाच एक विनोद त्यांनी त्या वाटेवर केला.

नदीआधीच्या शेवटच्या चढावर शेवटचा पट्टा गेला. आवाज मोठा नव्हता, ओलं कापड झटकल्यासारखा. भावोजींनी झाकण उघडलं आणि आतली चिंध्यांची गुंतवळ हाताने काढून ओळीने बर्फावर मांडली, जणू जुळवता येईल. समुद्राकडून ऊबदार वारा सुटला होता. खाली नदीच्या कडेला बर्फ सुटून काळं पाणी दिसत होतं.

त्यांनी मुझेतला सोडलं. तो उठला, थोडा चालला आणि पुढचे गुडघे टेकून खाली बसला. घंटा थांबली. माद्या थबकल्या, बर्फ उकरून शेवाळ शोधू लागल्या, आणि एकेक करून तोंडं मागे फिरवू लागल्या.

भावोजींनी फोन काढला. "ओव्ला," ते म्हणाले. "या."

ओव्लाची माणसं रुंद गाड्या घेऊन आली. चांगली माणसं. मी त्यांना दोष देत नाही, नदी कुणासाठी थांबत नव्हती. त्यांनी कळप दोन्ही बाजूंनी घेरला आणि पळवला. मी कधी त्या कळपाला पळताना पाहिलं नव्हतं. तो पलीकडे पोचला. मागे वाटेवर ठिकठिकाणी ओली, लहान गाठोडी पडली होती. भावोजी प्रत्येकापाशी वाकून बघत गेले. एकही पाडस हलत नव्हतं.

मग ते मुझेतजवळ गेले. मला म्हणाले, तू पुढे हो. मी पुढे झाले. ते आले तेव्हा सुरी पुसलेली होती, आणि हातात घंटा होती.

त्यानंतर ते कळपामागे गेले नाहीत. शरदात मालकांनुसार जनावरं वेगळी करतात तेव्हा ते कुंपणाबाहेर उभे राहिले. आपल्या खुणेची जनावरं दुसऱ्यांनी पकडलेली पाहिली आणि कॉफी न घेता घरी आले. योव्नाचं दात्यांचं चाक उन्हाळ्यात आलं होतं. त्यांनी खोका उघडला नाही. तरी रोज सकाळी पडवीत जाऊन लाल स्कूटरच्या पुल्या स्पिरिटने पुसायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात ते आजारी पडले. फुप्फुसं गेली होती. आरोग्यकेंद्रातल्या खिडकीतून डोंगर दिसायचा, पण त्यांनी खाट भिंतीकडे वळवून घेतली होती. आन्तेचा फोन आला. तो दुसऱ्या दिवशी पोचणार होता. फोन धरायची ताकद भावोजींना नव्हती, म्हणून मी तो त्यांच्या कानाला लावला. आन्तेने औषधांचं विचारलं, हवेचं विचारलं. शेवटी त्याने विचारलं, "बाबा, ती गाडी अजून पट्टे तोडते का हो? योव्ना काहीतरी म्हणत होता."

भावोजींनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, "गाडी चांगली आहे रे. आम्हीच हळू चालायचो."