बाळंतिणीच्या रक्तातल्या कोवळ्या पेशी

सत्तरच्या दशकात चिंचवडच्या एका लहान इस्पितळाच्या लॅबमध्ये मी पाच वर्षं एकटाच होतो. पुण्याचा डिप्लोमा होता, त्याचा तोराही होता. मग निघोज्याची एक शेतकऱ्याघरची मुलगी आली. मॅट्रिक झालेली. घेतली होती काचा धुवायला, पण वर्षभरात ती रक्तपेशी मोजायला लागली. डॉक्टर दारातूनच तिला हाक मारायचे, आणि माझं डोकं फिरायचं.

एका सकाळी पुनावळ्याची बाळंतीण आली. घरी बाळंत होऊन चार दिवस झालेले, अंगात फणफणून ताप. मी तिच्या पांढऱ्या पेशी मोजल्या. जेमतेम चार हजार.

"बाळंतपणातली लागण असती तर वाढल्या असत्या," मी डॉक्टरांना म्हणालो. "टायफॉइड वाटतो, त्यात कमी होतात."

ती मुलगी मायक्रोस्कोपवरून उठली नव्हती.

"दादा, पेशी कमी हायेत खऱ्या. पर निम्म्याच्या वर कोवळ्याच हायेत. तयार संपल्या, म्हणून हाडातनं कच्च्याच बाहेर पडत्यात."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. पिकलेल्या पेशीचं केंद्रक दोन-तीन ठिकाणी तुटलेलं असतं. इथे ते घोड्याच्या नालासारखं सलग होतं, आणि आत काळपट दाणे.

"रक्तात जंतू गेलेत," ते म्हणाले. "कल्चरला रक्त काढा. उत्तराची वाट नाही बघायची, इंजेक्शनं आत्ताच सुरू."

ते गेल्यावर मी तीच स्लाइड तीनदा मोजली. तिची चूक सापडावी म्हणून. तिन्ही वेळा तिचाच आकडा आला.

कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणं, पुण्याला व्हायचं. रक्ताची बाटली मीच लोकलने पोचवली आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला गेलो. जाताना मनात एकच होतं, काही उगवलेलं नसावं. बाळंतिणीच्या काळजीपोटी नव्हे. त्या मुलीचं हसं व्हावं म्हणून.

जंतू उगवले होते. सुरू असलेलं औषध त्यांना लागू पडतंय, असंही लिहिलेलं होतं. तो कागद मी खिशात ठेवला, कॅन्टीनमध्ये बसून सावकाश चहा प्यायलो, आणि मगच डॉक्टरांना दिला.

"शाबास!" ते तिला म्हणाले. मी बाटल्या आवरत राहिलो.

बाई बरी झाली. घरी जायच्या दिवशी तिचा नवरा कंपनीच्या खाकी कपड्यांतच पेढे घेऊन लॅबमध्ये आला. पांढरा कोट माझ्याच अंगावर होता. त्याने माझे पाय धरले.

"सायेब, तुमी वळखलं म्हणून माझी मानसं वाचली."

ती बेसिनपाशी काचा धूत होती. तिने मान वर केली नाही. मी पेढा घेतला. "अहो, मी नाही, हिने," एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दोघंच असताना मी तिच्या शेजारी स्टूल ओढलं.

"कोवळी पेशी पटकन कशी ओळखतेस? दाखव."

तिने लगेच मायक्रोस्कोप माझ्याकडे वळवला. मी शिकलो. पण डॉक्टरांनी तिला हाक मारली की पोटात दुखायचं, ते ती चाकणला बदलून जाईपर्यंत थांबलं नाही.