तिसऱ्या रांगेतलं हसू

लाँड्रीतल्या मावशीने अडतीस वर्षं डूख धरला होता, आणि ज्याच्यावर धरला त्याला याची गंधवार्ताही नव्हती. तो आपला मजेत सत्कार घेत फिरत होता. म्हणजे जळायचं ते मावशीनेच, रोज, गरम इस्त्रीपाशी उभं राहून.

तर नाट्यगृहाबाहेर जाहिरात लागली. तेच जुनं संगीत विनोदी नाटक, नवा संच, दौऱ्यावर निघालेला, आणि नायक मात्र तोच. वयाची सत्तरी उलटली तरी गडी नाटकात अजून लग्नाच्या खटपटीत! मावशीने जाहिरात वाचली, "मेला अजून जिवंत आहे," एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. पण त्या दिवशी दोन शर्टांच्या कॉलरी करपल्या.

अडतीस वर्षांपूर्वी मावशी बावीस वर्षांची होती आणि तिचं हसू सगळ्या पेठेत प्रसिद्ध होतं. आधी घशात कक्-कक् व्हायचं, मग एक लांब शीळ वर चढायची आणि मग जे काही फुटायचं ते ऐकून मेलेला माणूसही हसला असता. नाटकात पहिल्या अंकात एक कपाट आहे. नायक बाईचा कोट घालून त्यात लपतो, दार किलकिलं करतो आणि म्हणतो, "मी घरी नाही." मावशी तिसऱ्या रांगेत होती. शेजारी तिचा ठरलेला नवरा. ती हसली, आणि हसतच राहिली. तेव्हा हे नटवर्य कपाटातून बाहेर पडून थेट रंगमंचाच्या कडेला आले, तिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "अहो, या कोंबडीला कुणीतरी अंड्यावर बसवा!"

अख्खं नाट्यगृह लोटपोट. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं? तो शेजारचा, ठरलेला! बाहेर पडल्यावर भर रस्त्यात "चल गं कोंबडे" म्हणाला. मावशीने त्याला तिथेच, पानाच्या ठेल्यासमोर, नाही म्हणून सांगितलं. लग्न गेलं ते बरंच झालं, असल्या माणसाचे शर्ट जन्मभर कोण इस्त्री करणार? पण नाव चिकटलं. पोरंटोरं मागून कक्-कक् करायची. त्यानंतर मावशी कधी तोंड उघडून हसली नाही. हसू आलंच तर रुमाल दातांत धरायची. तिला राग याचाच होता. नवरा काय, मिळाला असता दुसरा. हसू कुठून आणायचं?

प्रयोगाच्या आदल्या सकाळी नाटकाचे कपडे लाँड्रीत आले. सोबत संचातली एक मुलगी होती, पंचविशीची, बडबडी. मावशीने कपाटाच्या प्रवेशातला तो बाईचा हिरवा कोट उलटा केला, मखमलीची कॉलर आतून वाफेवर धरली आणि सहज विचारलं, "तुझं काम काय गं नाटकात?"

"कोंबडीचं," मुलगी म्हणाली.

मावशीचा हात थांबला.

"म्हणजे मी रंगमंचावर नसतेच, मावशी. प्रेक्षकांत बसते, तिसऱ्या रांगेत. 'मी घरी नाही' झालं की असं हसायचं." आणि तिने हसून दाखवलं. कक्-कक्, मग शीळ, मग फुटणं. "त्यावर ते म्हणतात, या कोंबडीला अंड्यावर बसवा. आणि लगेच वाद्यं सुरू. माझं हसणं हीच वादकांची खूण. पूर्वी कुठेतरी खरंच एक बाई अशी हसली होती म्हणे. तेव्हापासून ठेवलंय. गाणं शिकले हो मी आठ वर्षं, आणि दोन वर्षं झाली, कोंबडी करतेय."

अगं आई गं! म्हणजे तो अपमान एका दिवसाचा नव्हताच. अडतीस वर्षं, गावोगाव, प्रत्येक प्रयोगाला, तिकीट काढून लोक तिला हसत होते. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिने इस्त्री बाजूला उभी ठेवली, बटण बंद केलं आणि म्हणाली, "ती बाई मी."

मुलगी पांढरीफटक पडली. मग खुर्चीवर बसली.

"उद्या तुझी जागा मला दे," मावशी म्हणाली.

"आणि हसाल?"

"मुळीच नाही."

मुलीने विचार केला, आणि तिचेही डोळे चमकले. "मला उद्या ताप येणार आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग. नाट्यगृह गच्च. मावशी तिसऱ्या रांगेत बसली, रुमाल मुठीत. कपाटाचं दार किलकिलं झालं. "मी घरी नाही." लोक थोडे हसले, थांबले. नटवर्यही थांबले. कोंबडी काही बोलेना. "मी घरी नाही!" पुन्हा, जरा जोरात. मावशी मूग गिळून बसली. पेटीवाला मान उंचावून प्रेक्षकांत बघू लागला. तिसऱ्यांदा "मी... घरी..." आणि त्यांची बोबडी वळली. पुढचं वाक्य कोंबडीवरचं, आणि कोंबडीच नाही! कपाटात, बाईच्या कोटात, एक म्हातारा घामाघूम होऊन तोंडाची नुसती उघडझाप करत होता.

आणि मावशीच्या घशात कक्-कक् झालं.

तिने ठरवलं नव्हतं हो! रुमाल तोंडापर्यंत पोचायच्या आत शीळ वर चढली आणि अडतीस वर्षांचं साठलेलं सगळं एकदम फुटलं. नाट्यगृह हादरलं. वादकांना खूण मिळाली, गाणं सुरू झालं आणि नटवर्यांना सूर सापडेना. एकदा चुकले, दुसऱ्यांदा चुकले. मावशी उभी राहिली, त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, या कोंबड्याला कुणीतरी आरवायला शिकवा!"

पाच मिनिटं नाटक पुढे सरकलं नाही.

दुसऱ्या सकाळी मुलगी हिरवा कोट घेऊन आली, घामाने पार चोळामोळा झालेला. "मावशी, मॅनेजर म्हणतात, असा हशा त्यांनी जन्मात ऐकला नाही. तुमचं वाक्य आता नाटकात राहणार. प्रत्येक प्रयोगाला. मी म्हणायचं. आमचे नायक बिचारे नको नको करत होते, पण ऐकतो कोण?"

मावशीने कोट उलटा केला. वाफ सोडली.

"म्हणून दाखव."

मुलीने म्हणून दाखवलं.

"अजून मोठ्याने," मावशी म्हणाली. "कान गेलेत त्याचे. नीट ऐकू गेलं पाहिजे."