एकही नमुना न वगळणाऱ्या निर्मलाताई

तारनाक्याच्या प्रयोगशाळेत मी संशोधनासाठी पहिल्यांदा गेले, तेव्हा डॉ. निर्मलाताई सूर्यवंशी एका म्हाताऱ्या शिंप्याचा रक्तदाब मोजत होत्या. "मॅडम, नमक तो मैं खाताइच नै, फिर खून में कैसा घुसा?" त्या आजोबांनी कुरकुरत विचारले. ताईंनी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांच्याच दखनी बोलीत समजावले : सोडियम सगळ्यांच्याच रक्तात असते, पेशीच्या पडद्यावरचे पंप ते सतत बाहेर टाकत असतात, त्या पंपांना चालायला मॅग्नेशियम लागते. पंप मंदावले, की सोडियम आत साचते आणि दाब चढू शकतो. पदवी घेऊन आलेल्या मलाही ते त्याच दिवशी नीट उमगले.

तेव्हाच्या विभागप्रमुखांचे मत मात्र आधीच ठरलेले होते. रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाच्या पेशींत मॅग्नेशियम कमीच असणार! आमच्या मोजणीत बऱ्याच जणांचे ते व्यवस्थित निघाले.

"हे नमुने काढा, आलेख सरळ येईल," प्रमुख म्हणाले.

"सर, ही माणसं तुमच्या आलेखासाठी आजारी पडलेली नाहीत. एकही नमुना निघणार नाही."

प्रकल्प बंद झाला, ताईंची खोलीही गेली. मी घाबरले. "ताई, या वेळी ऐकू या ना त्यांचं," असे म्हटलेसुद्धा. त्या शांतपणे म्हणाल्या, "नमुने वगळलेल्या निबंधावर तुला सही करायची तर कर. माझं नाव त्यावर नसेल." मी सही केली नाही.

मलकपेठेत एका डॉक्टर मैत्रिणीच्या दवाखान्यात ताईंनी टेबल मांडले. एकेका रुग्णाच्या घरी जाऊन गोळ्यांचे डबे उघडून पाहिले. मॅग्नेशियम कमी असलेल्यांपैकी बहुतेकांना वर्षानुवर्षे लघवी वाढवणारी गोळी चालू होती. तिच्यामुळे मॅग्नेशियमही वाहून जात होते. त्यांच्या डॉक्टरांना ताईंनी स्वतः पत्रे लिहिली, त्या डॉक्टरांनी कित्येकांची औषधे बदलली. निबंध सगळ्या नमुन्यांसह छापून आला. प्रमुखांनी अभिनंदन केले नाही. ताईंनी वाटही पाहिली नाही.

माझे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा चिक्कडपल्लीच्या आमच्या घरी येऊन, स्वयंपाकघरात बसून ताईंनी माझा प्रबंध तपासला. आईला मात्र "पप्पूत मीठ किती घालता?" असे दरडावून विचारत. आमची ही तेलुगू पद्धतीची डाळ त्या महिन्यात अळणीच झाली.

आज पंचाहत्तरी पूर्ण करतानाही ताई बैठकीत उभ्या राहून "पुरावा दाखवा" म्हणतात. त्यांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो. आणि ज्यांना हा आवाज खुपतो, त्यांना तो आणखी पुष्कळ वर्षे ऐकावा लागो!