एकेचाळीस नंबरची गबाळी ओळ

सोमवार, २३ जानेवारी १९८४, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. पुण्याजवळच्या मांजरी गावापलीकडे एका गहू संशोधन केंद्रात यज्ञेश्वर पानसे दोन ओळींच्या मध्ये उकिडवे बसून गव्हाची पानं पांढऱ्या रुमालाने पुसत होते. रुमालावर तांबडी पूड उतरली की वहीत फुली, नाही उतरली की टिंब. ती पूड म्हणजे तांबेरा, गव्हाचा जुना वैरी. चाळिसाव्या ओळीपर्यंत फुल्याच फुल्या झाल्या होत्या.

या चाळीस ओळी केंद्राच्या सुधारित वाणांच्या. बुटक्या, ताठ, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. प्रत्येक वाणाला नवं नाव होतं, प्रत्येकाचा बारशासारखा समारंभ झाला होता, पण सगळ्यांचे आजे-पणजे तेच तीन-चार. एकाला जो रोग चढतो तो सगळ्यांना चढतो. हे कळायला पानशांना पदवी लागली नव्हती. पदवीवाल्यांना अजून कळायचं होतं.

एकेचाळिसावी ओळ अगदीच गबाळी. जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याच्या कणगीतून आणलेला हा बन्सी गहू. एक रोप कमरेएवढं तर शेजारचं छातीएवढं, कुणाची कुसळं पांढरी, कुणाची काळी. त्यातल्या काळ्या कुसळांच्या सतरा रोपांवरून पानशांनी रुमाल फिरवला. रुमाल पांढराच राहिला. त्यांनी दुसरा रुमाल काढला आणि पुन्हा सगळी पानं पुसली. तोही पांढरा राहिला.

पानसे तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. मॅट्रिक होऊन ते क्षेत्र सहायक म्हणून लागले आणि तेहतीस वर्षं क्षेत्र सहायकच राहिले. बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं. हे 'शेतकीत' आहेत एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक, म्हणून कुंडीतला गुलाब वाळला की ते यांच्याकडे यायचे. "गुलाबाचं गुलाबवाल्याला विचारा," असं सांगून पानसे दार लावत. केंद्रावर सहा अधिकारी येऊन गेले. प्रत्येकाने आधीच्याच्या दोन वाणांचा संकर केला, त्याला नाव दिलं, छायाचित्र काढून घेतलं आणि बढती घेतली.

सातवे डॉ. श्रीनिवास टिपणीस. ते बियाणं-उत्पादन विभागातून आले होते. तिथे शेतात एक रोप वेगळं दिसलं तरी उपटायचं असतं. त्याला 'भेसळ काढणं' म्हणतात आणि बियाण्याच्या शेतात ते योग्यच आहे. टिपणीस ही सवय बदलीच्या सामानाबरोबर घेऊन आले होते.

नऊ वाजता ते एकेचाळिसाव्या ओळीपाशी थांबले.

"पानसे, हे काय आहे?"

"गहू आहे साहेब."

"ते दिसतंय मला. ही उंच, काळी रोपं कसली?"

"तोही गहूच आहे."

"बुधवारी पाहणी समिती येतेय. एवढी भेसळ बघून काय म्हणतील? ती सगळी उपटून टाका. ओळ एकसारखी दिसली पाहिजे."

"साहेब, ही ओळ एकसारखी नसावी म्हणूनच ठेवलेली आहे. सतरा रोपांवर तांबेरा नाही. ओंब्या नुकत्या बाहेर पडताहेत. आत्ता उपटली तर हाती बी लागणार नाही."

"रोग नसेल तर अजून लागला नसेल. संध्याकाळी मी बघायला येईन."

"मग लेखी द्यावं आपण."

कागद मागितला की अधिकारी विचारात पडतो, असा पानशांचा तेहतीस वर्षांचा अनुभव. टिपणिसांनी मात्र उभ्या उभ्याच चिठ्ठी लिहिली, 'ओळ क्र. ४१ मधील भेसळ त्वरित काढावी', आणि खाली सफाईदार सही ठोकली.

पानसे चिठ्ठीकडे बघत राहिले. अशीच एक चिठ्ठी त्यांनी १९६६ साली घेतली होती. तेव्हाही दौरा होता, तेव्हाही एक ओळ वाकडीतिकडी दिसत होती, आणि एका सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने बावीस रोपं उपटून बांधावर टाकली होती. सात वर्षांनी तांबेऱ्याने केंद्राचं सगळं पीक झोपलं तेव्हा त्याच गव्हाची शोधाशोध सुरू झाली. परदेशातल्या एका बीजसंग्रहालयाला पत्र गेलं. 'या वाणाची नोंद आमच्याकडे नाही,' असं उत्तर आलं, सुंदर कागदावर. ते फाइलला लावायचं कामही पानशांच्याच वाट्याला आलं. आज्ञा देणारा तोवर दिल्लीला पोचला होता.

"काय झालं ओ सायेब?" सोजरबाईंनी विचारलं. त्या मांजरी गावच्या, वीस वर्षं केंद्रात रोजावर संकराचं काम करत होत्या. बारीक चिमट्याने ओंबीतल्या प्रत्येक फुलातले तीन परागकोश काढायचे आणि पुढे दुसऱ्या वाणाचे पराग घालण्यासाठी ओंबीवर कागदी पिशवी चढवून ठेवायची, हे त्यांच्याइतकं नेटकं केंद्रात कुणाला जमत नसे. टिपणिसांना तर चिमटा कुठल्या बाजूने धरतात हेही माहीत नव्हतं.

पानशांनी चिठ्ठी वाचून दाखवली.

"ह्यांच्या घरात समदी पोरं एका उंचीची हायती का?"

"बाई, नियम सांगा. पिशवी चढलेल्या रोपाला कापणीपर्यंत कोण हात लावतं?"

"कुनी न्हाई. पिशवी चढली, वहीत नोंद झाली, की सायबाच्या बापालाबी उपटता येत न्हाई."

"किती पिशव्या आहेत?"

सोजरबाईंनी एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा ओळीकडे. "लागतील तेवढ्या हायत. पर इचारत कशाला बसायचं, चढवू की."

दोघे बसले. पानशांचा हात पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्यांची एक ओंबी होईपर्यंत बाईंच्या दोन होत. "सायेब, तुमी फूल काढताय का सुतक?" बाई म्हणाल्या. ते खरं होतं; पानशांनी पुढची ओंबी हातात धरली. प्रत्येक रोपाचा एकच फुटवा, म्हणजे बुडातून फुटलेली एकच काडी, त्यांनी संकरासाठी घेतला. बाकीचे फुटवे मोकळे सोडले. ते आपले आपण पिकणार होते आणि तेच जुनं बी जसंच्या तसं देणार होते. दुपारी दोनपर्यंत सतरा पिशव्या चढल्या. संकराच्या वहीत सतरा नोंदी झाल्या, शाईने.

संध्याकाळी टिपणीस आले.

"पानसे, मी काय सांगितलं होतं?"

"भेसळ काढा म्हणालात. शोधली, पण सापडली नाही. ही सतरा संकराची रोपं आहेत. उपटायची असतील तर वहीतली प्रत्येक नोंद खोडून समोर कारण लिहावं लागेल. लिहिता आपण?"

टिपणिसांनी वही हातात घेतली. कारणाचा रकाना रुंद होता आणि त्यात लिहिण्याजोगं त्यांच्यापाशी काही नव्हतं. वही परत करून ते निघून गेले.

बुधवारी समिती आली. चाळीस नीटनेटक्या, तांबेरा चढलेल्या ओळींवरून तिने कौतुकाने नजर फिरवली; पानाला बोट कुणी लावलं नाही. एकेचाळिसाव्यापाशी सगळे थांबले. पांढऱ्या पिशव्या वाऱ्यावर हलत होत्या आणि दुरून देखण्या दिसत होत्या.

"इथे मोठं काम चाललेलं दिसतंय," समितीतले ज्येष्ठ म्हणाले.

"जुन्या वाणांचा वापर वाढवण्याचं आमचं धोरण आहे," टिपणीस म्हणाले. एवढं वाक्य त्यांनी न अडखळता म्हटलं. मग त्या ज्येष्ठांनी पिशवीत काय आहे ते विचारलं, आणि टिपणिसांनी पानशांकडे पाहिलं.

"ओंबी आहे," पानसे म्हणाले.

चहानंतर समिती गेली. पानशांनी सोजरबाईंबरोबर एक पिशवी उघडून पाहिली. सोमवारी परागकोश काढलेल्या फुलांचे पराग झेलणारे पिसासारखे तुरे अजून पुरते उमलले नव्हते; आणखी एक दिवस लागणार होता.

उद्या सव्वीस जानेवारी, केंद्राला सुट्टी. झेंडावंदन साडेसातला आहे, आणि एकेचाळीस नंबरच्या ओळीतलं परागण नऊ वाजता.