वयापेक्षा मोठे दिसणारे चार पुरुष

चारही फॉर्ममधली माणसं ठणठणीत निघाली होती, आणि म्हणूनच मला घाम फुटला.

आमचा सर्व्हे मानसिक आजारांचा. मानसिक आजार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कपडे फाडणारा माणूस येतो. प्रत्यक्षात उदासी, सततची धास्ती आणि दारू हेच जास्त, आणि तेही वाटतं त्याहून कितीतरी घरांत. किती, तेच मोजायचं होतं. टॅबवरचं ॲप प्रत्येक घरातला एक प्रौढ निवडतं. अर्धा तास बोलायचं ते फक्त त्याच्याशी.

मी सुपरवायझर. आगरदांड्याच्या रस्त्यावरच्या एका वाडीत माझ्या चार पोरांनी चार घरं केली होती. "झोप उत्तम, भूक उत्तम, चित्त प्रसन्न." चारही उत्तरं शब्दशः सारखी. शेऱ्यातही चौघांनी एकच लिहिलं होतं: 'सांगितलेल्या वयापेक्षा बराच मोठा दिसतो.' हा आमच्या कामातला नेहमीचा शेरा. काळजीने, दारूने माणूस खंगतो, म्हणून लिहितात. पण एकोणतीस वर्षांच्या टेम्पोवाल्यापुढे 'कवळी आहे' असंही होतं.

मुंबईहून सरांचा फोन आला.

"त्या वाडीत लोक लवकर म्हातारे होतायत. पाण्याचं सॅम्पल घ्या."

"सर, पाण्यानं कवळी येत नाही."

"मग बॅक-चेक करा. उद्यापर्यंत डेटा जुळला नाही तर वाडी रद्द."

बॅक-चेक म्हणजे स्वतः जाऊन खातरजमा करणं. याच आकड्यांवर तालुक्याच्या रुग्णालयासाठी समुपदेशक मागायचा होता. वाडी रद्द म्हणजे तिथे कुणी खरंच त्रासात असलं, तरी ते कुणाला कळणार नव्हतं.

सकाळीच टेम्पोवाल्या गणेशच्या घरी गेले. त्याची आई ओटीवर तांदूळ निवडत होती.

"मावशी, गणेशची मुलाखत झाली ना?"

"झाली की! पास झाला का?"

"बोलला कोण?"

"मास्तर. आमाला न्हाय जमत सायबांशी बोलाया. ग्रामसभेत तेच बोलतात, सोयरिकीला तेच बोलतात. मंग परीक्षेला गन्याला कशाला बसवायचा?"

मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर, वय वर्षं एकाहत्तर. घरचे लोक पोरांना "आंघोळीला गेलाय, बसा" म्हणून चहा पाजायचे, तोवर मास्तर आधीच्या घरातली मुलाखत संपवून परसातून यायचे. प्रत्येक घरात टोपी मात्र वेगळी. मी पोट धरून हसले. मग पोरांना असं झापलं की त्यांच्या चित्ताची प्रसन्नताही गेली.

"पण मावशी, गणेश स्वतः बोलला असता तर?"

"नापास झाला असता," ती हळूच म्हणाली. "दोन म्हैनं झोपत न्हाय. टेम्पो चालवताना छाती धडधडते बोलतो."

त्या दिवशी चारही घरं मी नव्याने केली, दार लावून. चौघांपैकी दोघांना खरोखर त्रास होता. गणेश तर तासभर बोलला. सरांना डेटा पाठवला, वाडी वाचली.

निघताना मास्तर आडवे आले. भलतेच नाराज होते.

"चार पेपर दिले मी, बाई. चारही रद्द?"

"तुमचं घर यादीत नाही, मास्तर. पण चला, विचारते."

त्यांच्या ओटीवर बसलो. मी टॅब पिशवीतच ठेवला. गंमत म्हणूनच पहिला प्रश्न विचारला, "झोप कशी आहे?"

"कुणाच्या नावानं सांगू?"

"तुमच्या."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ही गेल्यापासून पहाटे तीनला जाग येते. पडून राहवत नाही, म्हणून अंगण झाडतो. गावाला वाटतं, मास्तर काय शिस्तीचे!"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. पुढचे प्रश्न मी नीट, एकेक करून विचारले. या वेळी 'उत्तम' हा शब्द एकदाही आला नाही.

पुढच्याच आठवड्यात गणेशचा टेम्पो रुग्णालयात गेला. शेजारच्या सीटवर मास्तर होते. तिथल्या डॉक्टरांनी आधी गणेशला प्रश्न विचारला आणि सवयीने मास्तरांनी तोंड उघडलं. गणेशच म्हणाला, "मास्तर, थांबा. तुमचा नंबर माज्यानंतर हाय."

तेव्हापासून नव्या पोरांना मी दोनच गोष्टी शिकवते. आधार कार्ड बघा. आणि सगळ्या वाडीच्या वतीने "आम्ही मजेत" असं सांगणारा जो असेल, त्याचं घर यादीत नसलं तरी त्याच्याकडे चहाला जा.