चवबाई भुकेची वाट पाहतात

बिस्किटांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला भूक म्हणजे काय ते ठाऊक नसावं, हे कुणाला सांगितलं तर तो आधी आपल्या तोंडाकडे बघेल आणि मग हळूच विषय बदलेल. पण चवबाईंना खरोखरच ठाऊक नव्हतं.

चवबाई हे त्यांना कारखान्याने दिलेलं नाव. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातली पाच बिस्किटं त्यांच्या टेबलावर येत. त्या एक उचलून कानाशी मोडत, मोडल्याचा आवाज ऐकत, तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटत आणि मग चिठ्ठी लिहीत. हिरवी चिठ्ठी म्हणजे माल बाजारात, लाल चिठ्ठी म्हणजे माल परत. चव घेऊन झाली की तुकडा शेजारच्या भांड्यात थुंकायचा, असा कारखान्याचा नियम होता. पण खाल्लेलं थुंकायचं हे चवबाईंच्या मनाला कधी पटलं नाही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या भांड्यात एक वेल लावली. ती आता खिडकीची चौकट ओलांडून छताला टेकली होती. चवबाईही आपल्या परीने वाढल्या होत्या, फक्त आडव्या.

त्यांची खोली मोठी गोड होती. खालच्या मजल्यावर पीठ मळण्याचं यंत्र फिरे, त्याने जमीन झोपलेल्या मांजरासारखी घुरघुरत असे. हवेत पिठाची धूळ तरंगे आणि खिडकीतून ऊन आलं की ती अशी चमके, की आत आलेला माणूस काय सांगायला आलो होतो तेच विसरे. त्या उबेत, त्या वासात बसून चवबाई दिवसभर खात. घरून निघतानाही खाऊन निघत, कारण रिकाम्या पोटी उंबरा ओलांडू नये ही आईची शिकवण. घरी परतल्यावर खात, कारण दमून आलेलं माणूस खातंच. भूक बिचारी कोपऱ्यावरून वळून घराकडे यायला निघे, पण चवबाई तिला अर्ध्या वाटेतच गाठून दोन घास भरवत आणि परत धाडत. पुढे पुढे तिने येणंच सोडलं.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या महिन्यात एक अख्खा घाणा मिठाशिवाय निघाला आणि चवबाईंनी त्याला हिरवी चिठ्ठी दिली.

बिस्कीट गोड असतं, त्यात मीठ कशाला, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण त्या चिमूटभर मिठाशिवाय बिस्कीट म्हणजे ओला पुठ्ठा. दुकानदारांनी खोक्यांवर खोकी परत पाठवली. साहेबांनी चवबाईंना बोलावलं. साहेब रागावणाऱ्यांतले नव्हते, ते नुसते खिन्न होत, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट.

"बाई, मीठच नव्हतं हो त्यात."

"मला छान लागलं होतं, साहेब."

"तेच तर. तुम्हाला गेली दोन वर्षं सगळंच छान लागतंय." साहेबांनी समोरचा कागद उगाच सरळ केला. "मुख्य कचेरीतून दोघं येणार आहेत, तीन आठवड्यांनी. पाच ताटं ठेवतील तुमच्यापुढे. कशात काय बिघडलंय ते बरोबर सांगितलंत तर ठीक. नाहीतर तुम्हाला खाली, खोकी बांधायला पाठवा म्हणतायत."

चवबाई जिना उतरल्या तेव्हा गुडघा दुखत होता. जीभ गेली तर आपलं उरलं काय, हा विचार पायरीगणिक मोठा होत गेला. म्हणून त्यांनी खाली पोचेपर्यंत चार बिस्किटं खाल्ली.

गुडघ्यासाठी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि काट्यावरचा आकडा वाचताना भुवई न उंचावण्याइतक्या सभ्य होत्या.

"वजन उतरवायला हवं, काकू. मागे आहाराचा तक्ता दिला होता ना?"

"तो मी पाळला. वर आमचं जेवण जेवले."

डॉक्टरीणबाईंनी नवा तक्ता काढायला उघडलेला खण पुन्हा बंद केला. "मग एकच करा. भूक लागेल तेव्हा खा आणि ती गेली की थांबा. उपाशी राहायचं नाही. फक्त खायच्या आधी विचारायचं, भूक लागलीये का?"

"कुणाला विचारू?"

"पोटाला."

"आणि ते काय म्हणेल? म्हणजे कळतं कसं?"

डॉक्टरीणबाईंनी बंद केलेला खण पुन्हा उघडून पाहिला. हा प्रश्न त्यांना परीक्षेत आला नव्हता.

तेव्हा चवबाईंनी चौकशी सुरू केली. पहिला मान यजमानांचा. ते चष्मे दुरुस्त करत आणि स्वतः चष्म्याच्या काडीइतकेच जाड होते.

"अहो, तुम्हाला भूक लागते म्हणजे काय होतं?"

"स्क्रू दिसेनासा होतो," ते म्हणाले. "हात हलतो जरा. मग लक्षात येतं, सकाळपासून खाल्लं नाही."

"विसरता? खायचं विसरता?"

"रोजच," ते म्हणाले, आणि चवबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं श्वास घ्यायला विसरणाऱ्या माणसाकडे पाहावं.

भट्टीवाला कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. तो म्हणाला, "भूक लागली की मला सगळ्यांचा राग येतो, बाई."

"तुम्हाला तर सकाळी आठपासून राग आलेला असतो."

"म्हणजे बघा किती लागत असेल."

नणंदबाई दर रविवारी येत. त्यांना विचारलं तर त्या बशीतला तिसरा केक उचलत म्हणाल्या, "मला नाही बाई भूकबिक लागत. मी आपली तुझं मन मोडू नये म्हणून खाते, वहिनी."

उसनं ज्ञान कामाला येईना, तेव्हा चवबाईंनी एक बटाटा उकडला. मीठ नाही, लोणी नाही, नुसता उकडून थंड केलेला बटाटा त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बशीत ठेवला. खावंसं वाटलं की त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहत. हा खावासा वाटतो का? वाटला तर भूक. नाही वाटला तर दुसरंच काहीतरी भुकेचे कपडे घालून दारात आलंय.

आणि काय काय येई म्हणून सांगू. दुपारी चार वाजता जी यायची ती तहान निघाली, पेलाभर पाणी पिऊन निमूट गेली. नणंदबाईंचा फोन खाली ठेवताच यायची तो राग होता, त्याला बटाटा दाखवला की तो बटाट्यावरच चिडे. सगळ्यात चलाख होती ती भांडी घासून झाल्यावर येणारी. तिच्यामागे चवबाई तीन दिवस होत्या. शेवटी कळलं की ती भूक नव्हेच, नुसतं बसायचं होतं. घरात बाई उगीच बसलेली बरी दिसत नाही. पण खात बसली तर कुणी काही म्हणत नाही. चौथ्या दिवशी त्या हात पुसून खिडकीपाशी नुसत्या बसल्या. यजमान दोनदा येऊन कपाळाला हात लावून गेले.

"ताप नाहीये," त्या म्हणाल्या. "बसलेय."

"बरं बरं," म्हणत तेही स्टूल ओढून शेजारी बसले. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने फुगत होत्या, पडत होत्या. दोघं बराच वेळ त्या बघत राहिली. बटाटा रोज नवा उकडावा लागे आणि रोज संध्याकाळी तो यजमानच खात. त्या तीन आठवड्यांत घरात वाढलं असेल ते त्यांचंच वजन.

अकराव्या दिवशी ती आली.

त्या सकाळी बटाटा नको म्हणाला होता, म्हणून चवबाई फक्त चहा पिऊन निघाल्या होत्या. आईची आठवण होऊन उंबऱ्यावर पाय जरा अडखळला एवढंच. सकाळचा घाणा अजून भट्टीत होता. त्या खिडकीशी उभ्या होत्या, पिठाची धूळ उन्हात हळूहळू फिरत होती, आणि बरगड्यांच्या खाली काहीतरी हललं. दुखणं नव्हतं ते. भरगच्च घरातलं एक कपाट कुणीतरी सरकवावं आणि मागची कित्येक वर्षं न पाहिलेली भिंत दिसावी, तसं वाटलं. आत जागा होती. ती जागा ओरडत नव्हती, घाई करत नव्हती, कुठल्या एका खाऊचं नावही घेत नव्हती. चवबाईंना एकदम नऊ वर्षांची मुलगी आठवली, तळ्यातून पोहून येणारी, ओल्या वेणीची, घराच्या पायरीवर बसून कालचा पाव कुरतडणारी. त्या पावाची चव त्यांना अगदी स्वच्छ आठवली.

घाणा आला. त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला. आधी लोणी आलं, मग भाजलेल्या गव्हाचा वास, मग साखर, आणि सगळ्यांच्या मागून, दाराआडून डोकावणाऱ्या पोरीसारखं, मीठ. तिसऱ्या तुकड्याला ती आतली जागा भरली आणि बिस्कीट पुन्हा नेहमीचं बिस्कीट झालं. चौथा तुकडा बोटांत होता. तो खाली ठेवायला त्यांना जवळजवळ एक मिनिट लागलं.

मग परीक्षेचा दिवस उजाडला आणि त्याबरोबर नणंदबाईही उजाडल्या. हातात डबा.

"अशी जाणार होतीस? अगं, भीतीनं अर्धी झालीयेस."

"अर्धी कुठली, वन्सं. दोन किलो फक्त."

"तेच म्हणते मी. बस. खा. माझ्या हातची अंडी आहेत, नाही म्हणायचं नाही."

नणंदबाईंना नाही म्हणण्याची रीत त्या घरात अजून कुणाला सापडली नव्हती. चवबाईंनी दोन अंडी खाल्ली, पाव खाल्ला, नणंदबाईंचं मन राखण्यासाठी आणखी एक अंडं खाल्लं, आणि दहाच्या ठोक्याला त्या तुडुंब पोटाने चवीच्या टेबलापाशी बसल्या.

मुख्य कचेरीतले दोघं आले होते. एक उंच, एक घड्याळ बघणारा. साहेब भिंतीशी खिन्न उभे होते. भट्टीवाला दारात उभा होता आणि अर्थातच रागावला होता. टेबलावर पाच ताटं, आकडे लावलेली. चवबाईंनी पहिल्या ताटातला तुकडा तोंडात घातला. छान लागला. दुसऱ्यातला घातला. तोही छान लागला.

म्हणजे पुन्हा सगळंच छान. अंदाजाने सांगता आलं असतं, पाचातलं एखादं चुकलं असतं, एखादं बरोबरही आलं असतं. गेली दोन वर्षं त्यांनी तेच तर केलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"साहेब, थांबावं लागेल," त्या म्हणाल्या. "मला भूक नाहीये."

"भूक?" घड्याळवाले म्हणाले. "जेवायचं नाहीये हो, चव सांगायचीये."

"जीभ एकटी काही सांगत नाही. तिला खालून हुकूम यावा लागतो. अजून आला नाही."

"किती वेळ लागेल?"

"येईल तेव्हा येईल. मी बोलावून येत नसते ती."

साहेबांनी डोळे मिटले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग काय करणार, स्टुलांवर बसले. साडेदहा झाले. अकरा झाले. खालचं यंत्र घुरघुरत होतं, वेलीची सावली टेबलावरून सरकत होती, चवबाई खिडकीकडे तोंड करून नुसत्या बसल्या होत्या, आणि ते बसणं इतकं निवांत होतं की उंच पाहुण्यांची मान हळूहळू छातीवर आली. घड्याळवाल्यांचा हात आपोआप तिसऱ्या ताटाकडे गेला.

"ती भूक नाही," चवबाई मान न वळवता म्हणाल्या. "तुम्हाला कंटाळा आलाय. पाणी प्या."

त्यांनी हात मागे घेतला आणि ते खरंच पाणी प्यायले. दारात भट्टीवाला एकदाचा हसला.

साडेबाराला, कुणाचं लक्ष नसताना, बरगड्यांखाली ते कपाट सरकलं. चवबाई किंचित थांबल्या, खात्री केली आणि खुर्ची टेबलाकडे वळवली.

"पहिलं ठीक आहे. दुसऱ्यात साखर जरा करपलीये, ताट भट्टीच्या मागच्या टोकाचं असणार."

"मागचंच आहे," भट्टीवाला म्हणाला.

"तिसऱ्याचं लोणी जुनं आहे. चौथ्यात मीठ नाही. म्हणजे आहे, पण निम्मं." त्यांनी पाचव्यातला तुकडा मोडला, कानाशी धरला, जिभेवर ठेवला आणि बराच वेळ ठेवला. "पाचवं म्हणजे पहिलंच. एकाच घाण्यातलं दोनदा ठेवलंय तुम्ही."

उंच पाहुण्यांनी खिशातला कागद काढून बघितला, मग घड्याळवाल्यांना दाखवला. कागदावर तेच लिहिलं होतं. साहेबांच्या तोंडावर खिन्नतेच्या जागी असा काही भाव आला की ते आता कसे दिसताहेत हे त्यांनाही कळेना.

"चाखायला बसायची वेळ दहाची लिहिलीये इथं," घड्याळवाले शेवटी कामाच्या वेळापत्रकावर बोट ठेवत म्हणाले. "रोजची."

"ती बदला," चवबाई म्हणाल्या.

"काय लिहू?"

चवबाईंनी कागद आपल्याकडे ओढला, दहाच्या आकड्यावर रेघ मारली आणि गोल गोल अक्षरात लिहिलं, 'बाईंना भूक लागल्यावर'. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग खाली सही केली.