पदराला चार गाठी

माझी बायको माझ्या मागं कधी चालली नाही. त्या काळी आमच्या गावात बाया नवऱ्याच्या चार पावलं मागं चालायच्या, आणि ही आपली माझ्या उजव्या अंगाला, खांद्याला खांदा लावून. बाजारात जायचं असो की वावरात. चहाच्या टपरीवरचे हसायचे. म्हणायचे, "फौजीनं बायकोले परेड शिकोली." मी तिला दोन-चारदा दटावलंही. ती हूं की चूं करायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उजव्या अंगाला हजर. बाई हेकट आहे असं म्हणून मी शेवटी नाद सोडला.

फौजेत मी रस्ते करणाऱ्या पलटणीत होतो. ब्रह्मदेशच्या डोंगरात दगडाला भोकं पाडायची, त्यात दारू भरायची, वाती पेटवायच्या आणि पळायचं, हे आमचं काम. एकदा तोफेचा गोळा जवळच पडला आणि माझा डावा कान गेला. म्हणजे बाहेरचं काही ऐकू येईना, पण आतल्या आत मधूनच 'धप्प' असा आवाज व्हायचा. मोठा आवाज झाला की जास्तच. लढाई संपली, मी घरी आलो, लग्न केलं, पण त्या कानातली लढाई काही संपली नाही.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. आता या वयात काहून लपवू, मला भीती वाटायची. गावात मी फौजी होतो. कोणाची चिठ्ठी आली की माझ्याकडं वाचायला यायची, कोणाच्या वावरात मोठा दगड लागला की मला बोलावणं यायचं. भैऱ्याच्या हातात सुरुंगाची दारू कोण देईल? म्हणून डाव्या बाजूनं कोणी बोललं की मी मिशीवर हात फिरवत विचारात असल्यासारखं करायचो. लोकांना वाटायचं, फौजी मोठा विचारी माणूस आहे.

फौजेतून आल्यावर मला पाच एकर जमीन मिळाली होती, पांढरकवड्याच्या वाटेवर. जमीन कसली, बरड होतं सगळं. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याच्या वर जात नव्हती. तरी आपलं वावर होतं, तूर आणि ज्वारी खाण्यापुरती व्हायची. नव्हतं ते पाणी.

आणि पाण्याचं दुखणं माझ्यापेक्षा तिचं मोठं होतं. गावच्या विहिरीवर आमच्या बायांनी कठड्यापासून लांब घागर ठेवून उभं राहायचं. कोणाला दया आली तर वरून धार सोडायची, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत तसंच उभं. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी तिनं घागर उचलली आणि मला म्हणाली, "आजपासून वरून ओतलेलं पाणी मी घेणार नाही." ती विहिरीकडं वळलीच नाही. अर्ध्या कोसावर नाल्याच्या रेतीत झिरा खणायची आणि वाटी-वाटीनं घागर भरायची. असे तीन उन्हाळे तिनं काढले. चौथ्या उन्हाळ्यात मी म्हणालो, आता आपली विहीर.

तांड्यावरचा एक बंजारा शेतकरी माझा सावडीचा जोडीदार होता. चार दिवस तो माझ्या वावरात राबायचा, चार दिवस मी त्याच्या. ताकदीचा गडी, तीन लहान पोरींचा बाप. माझ्यावर त्याचा भारी विश्वास. आम्ही दोघं खणायचो, बायको वरून टोपली ओढून माती-दगड टाकायची. दोन पुरुष खोल मुरूम लागला, त्याखाली काळा पाषाण. मग माझी विद्या सुरू झाली. छिन्नी आणि घणानं भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवून दोरानं वर चढायचं आणि बाभळीमागं जाऊन बसायचं.

आमच्या पलटणीच्या उस्तादानं एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती. जितक्या वाती पेटवल्या, तितके बार मोजायचे. एकही कमी भरला तर दुसऱ्या सकाळपर्यंत विहिरीत पाय ठेवायचा नाही. कारण न उडालेल्या भोकावर छिन्नी पडली तर माणूस गोळा करायला टोपलीसुद्धा लागत नाही. तेव्हा मोजायचं काम माझं. जोडीदार तर बार उडायच्या आधीच कानात बोटं घालून डोळे मिटून बसायचा.

पाच पुरुष खोल गेलो तरी पाणी नाही. वरती रोहिण्यांचे ढग जमायला लागले होते. पाऊस सुरू झाला की खणणं बंद, शिवाय पेरणी. पुन्हा वर्षभर तिनं वाटीनं घागर भरायची.

त्या दिवशी दुपारी मी पाच वाती पेटवल्या. बाभळीमागं बसून मोजले. एक, दोन, तीन, चार. मग जरा थांबून 'धप्प'.

"पाच झाले," मी म्हणालो. "धूर गेला की उतरू."

"चार झाले," बायको म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर पुढं केला. पदराच्या काठाला चार गाठी होत्या. मला न विचारता ही बाई पहिल्या दिवसापासून प्रत्येक बाराला एक गाठ मारून रात्री सोडून राह्यली होती, हे मला तेव्हा कळलं. माझं डोकंच सटकलं. सहा वर्षं मी दारूगोळ्यात काढली आणि ही मला मोजायला शिकवते!

"एक गाठ मारायची राह्यली असन तुही," मी म्हणालो.

"नाही राह्यली."

मी जोडीदाराला विचारलं. तो म्हणाला, "म्या तं कानात बोटं घातलते, भाऊ. पण तुमी पाच म्हणता तं पाच." आणि तो छिन्नी घेऊन उठलासुद्धा.

तेव्हा ती तरातरा चालत गेली आणि विहिरीच्या तोंडाशी दोराचं वेटोळं पडलं होतं त्यावर मांडी घालून बसली. मी म्हणालो, उठ. ती म्हणाली, नाही उठत. मी म्हणालो, ढग पाह्य वर, एक दिवस गेला तर पाणी लागन का? ती म्हणाली, "पाणी मलेच पायजे. तुमच्याहून जास्त पायजे. पण त्यात तुमी पायजे का नाही?" मी ओरडलो. बाजूच्या वावरातले लोक काम टाकून पाहायला लागले. जोडीदारासमोर, गावासमोर तिनं माझी फौजीगिरी मातीत घातली होती. तळपायाची आग मस्तकात गेली. पण दोर तिच्या खाली होता आणि ती काही हलेना. दिवस कलायला लागला तशी जोडीदारानं छिन्नी ठेवली आणि म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, सकाळी पाहू." तो तांड्याकडं गेला.

आम्ही घरी आलो. मी अंगणात खाटेवर बसलो. तिनं भाकर आणून समोर ठेवली, मी तोंड फिरवलं. दिवस बुडत होता, गल्लीत सगळं शांत होतं. आणि माझ्या डाव्या कानात 'धप्प' झालं. तोच आवाज. चारानंतर जरा थांबून आलेला. मी पाचवा म्हणून मोजलेला.

त्या तीन पोरींचा बाप छिन्नी घेऊन उठला होता तो मला डोळ्यांसमोर दिसायला लागला. मी मुकाट्यानं भाकर ओढली आणि खाल्ली. तिला काही बोलायची हिंमत झाली नाही हे खरं.

सकाळी बायकोला आणि जोडीदाराला वर थांबवून मी एकटाच खाली उतरलो. कोपऱ्यातलं भोक तसंच ठासलेलं होतं. वात अर्धी जळून विझली होती. हात लावून पाहिला तर ओली. भोकाच्या कडेनं पाझर फुटला होता आणि त्यानंच वात विझवली होती. तसल्या भोकाला खोदायचं नसतं, हातभर अंतर सोडून दुसरं भोक पाडायचं आणि दोन्ही एकदम उडवायची. ते मी फार जपून केलं. वर येऊन बसलो आणि या वेळी मी मोजलंच नाही. तिच्या पदराकडं पाहत राहिलो. आवाज असा झाला की बाभळीवरचे बगळे उडाले. धूर गेला तेव्हा खाली पाणी चढून राह्यलं होतं.

जोडीदार नाचायचाच बाकी होता. तो तांड्यावर सांगायला पळाला. गढूळ पाणी जरा निवळलं तशी तिनं आपल्या हातानं दोर सोडला, आपल्या हातानं ओढला आणि घागर काठोकाठ भरली. भरलेल्या घागरीकडं ती कितीतरी वेळ पाहत होती. माझ्यानं राहवलं नाही.

"तुले एक सांगायचं हाय," मी म्हणालो. "माहा डावा कान कामाचा नाही. लढाईपासून. काल पाचवा बार त्या कानातच झालता."

ती घागरीचं तोंड पुसत म्हणाली, "मले काय सांगता? तेरा वर्सं मी उजव्या अंगानं कायले चालून राह्यली?"

लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात तिला कळलं होतं म्हणे. डावीकडून हाक मारली की मी पाहत नव्हतो. आधी तिला वाटलं माणूस गर्वाचा आहे.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी लपोलं, मंग मी कायले बोलू? चालली तुमच्या बाजूनं."

लढाईनं माझा एक कान नेला. त्याच्या जागी मला ही बाई मिळाली. तिचे उपकार मी कोणत्या तोंडानं सांगू? लोक हसले, मी दटावलं, तरी तेरा वर्षं तिनं माझी लाज झाकली, आणि झाकून धरली तरी मला मरू दिलं नाही. त्या दिवशी घागर तिला उचलू दिली नाही मी. डाव्या खांद्यावर घेतली, उजवी बाजू मोकळी ठेवली, आणि आम्ही गावातून, त्या टपरीसमोरूनच घरी गेलो.